नोंदच झाली नाही, तर आठवणार कुठून?

(साधन केंद्राच्या वार्षिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा, ही विनंती.)



अध्यक्ष ताईंनी मला विषय दिला होता 'हिशोब लेखनातल्या चुका'. मी त्यांना विचारलं, डोकेदुखीवर बोलले तर चालेल का? त्या म्हणाल्या, "अगं, हिशोब म्हटला की डोकं दुखतंच, त्यात नवीन काय सांगणार?" म्हटलं, उलटं सांगायचंय. डोकं दुखतं म्हणून हिशोब कसा चुकतो, ते सांगायचंय.

आधी दोन प्रश्न विचारते. महिन्यातून एकदा तरी डोक्याची एक बाजू अशी ठणकते की उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको, वर ओकारी, अशा किती जणी आहात? हात वर करा. (सभेत बरेच हात वर झाले.) आता हात खाली न घेता दुसरं ऐका. त्या दिवशी चुलीवर दूध ठेवून विसरलात, कुणाला काय बोललात ते नंतर आठवलं नाही, तोंडाशी आलेला शब्द सापडला नाही, असं किती जणींचं झालंय? ज्यांचं झालं नाही त्यांनी हात खाली घ्या. (फार थोडे हात खाली आले.)

बघा, हे हात मी दोन वर्षांपूर्वी बघायला हवे होते. तेव्हा बघितले नाहीत, आणि त्यामुळे माझ्या हातून एका ताईवर अन्याय झाला. त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगते आहे. त्या म्हणाल्या, "माझं अन् गावाचं नाव घेऊ नका, पण सांगा. दुसरीवर ही पाळी नको यायला."

त्या एका गटाच्या सचिव. गट नऊ वर्षांचा, बारा जणींचा. ताई सातवी शिकलेल्या, अक्षर सुरेख, पहिल्या दिवसापासून वही त्यांच्याकडेच. त्यांना लग्नाच्या आधीपासून अर्धशिशी. पण ते सगळ्यांना माहीत होतं तसं कुणालाच माहीत नव्हतं. "तिचं डोकं दुखतं" एवढंच. डोकं कुणाचं दुखत नाही?

श्रावणातली मासिक बैठक. त्या दिवशी एकादशी. ताईंच्या पोटात सकाळपासून फक्त दोन वेळचा चहा, दुपारपर्यंत रानात खुरपणी, डोक्यावर ऊन. संध्याकाळी डोकं धरलेलं असतानाच डोक्याला फडकं बांधून त्या बैठकीला आल्या. कसंबसं रजिस्टर लिहिलं आणि घरी जाऊन पडल्या. तासाभरानं गटातली एक सदस्य दारात आली. दुधाचे पैसे उशिरा मिळाल्यामुळे तिला बैठकीत हप्ता भरता आला नव्हता. तिनं १,८०० रुपये ताईंच्या हातात दिले. ताई उठल्या, पैसे घेतले, "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. रजिस्टर पिशवीत, सदस्याचं पासबुक तिच्या घरी. नोंद कुठेच नाही.

पुढच्या महिन्यात त्या सदस्याच्या नावावर हप्ता बाकी दिसला. ती म्हणाली, "मी दारात येऊन दिले." ताई म्हणाल्या, "तू आलीच नाहीस." दोघीही खऱ्या मनानं बोलत होत्या. पांडुरंगाच्या शपथा झाल्या. गटाचे दोन तट पडले.

मी त्या बैठकीला हजर होते. वही बघितली. नोंद नव्हती. मागची पानं चाळली, तर दोन बेरजा चुकलेल्या सापडल्या. मी भेट अहवालात लिहिलं, 'सचिवांचा निष्काळजीपणा. सचिव बदलण्याची शिफारस.' लिहायला मला एक मिनिटही लागलं नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, की माणसाला दोष देण्याआधी त्याची परिस्थिती समजून घ्या. माझं डोकं तर दुखत नव्हतं, तरी मी ते विसरले.

ताईंनी घरातली तूर विकून १,८०० रुपये भरले आणि वही खाली ठेवली. गावात कुजबुज सुरू झाली की हिनं पैसे खाल्ले. घरात मालक म्हणायला लागले, "तुझ्या डोक्यात काही राहतच नाही." आणि हळूहळू ताईंनाही तसंच वाटायला लागलं. एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा मला म्हणाल्या, "मॅडम, मला येड लागायलंय का ओ?" मी म्हटलं, "नाही हो ताई, टेन्शन घेऊ नका." यापलीकडे मी काही केलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ते पैसे सापडले. बंद पडलेल्या शिलाई मशीनच्या खणात, कात्रणांच्या खाली, घडी घातलेले पूर्ण १,८०० रुपये. ताईंनी लपवले असते तर कुणाला कळलं नसतं. हप्ता तर त्यांनी खिशातून भरला होता, म्हणजे पैसे त्यांचेच होते. पण त्या नोटा घेऊन गटात आल्या आणि म्हणाल्या, "पैसे सापडले. ती खरं बोलत होती. पण मी ते घेतले कधी, ठेवले कधी, मला अजूनबी आठवत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण वस्तू विसरतो, पण ती सापडली की "हो की, इथंच ठेवली होती" असं आठवतं. ताईंना सापडल्यावरही आठवलं नाही, असं का झालं असेल? दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी जे समजावलं आणि त्यानंतर मी जे वाचलं, ते आपल्या भाषेत सांगते.

आठवण कशी तयार होते? आपण गटाचा हिशोब लिहितो तशी. आधी पैसे येतात, म्हणजे आपण काहीतरी बघतो, ऐकतो. मग त्याची रोजकीर्दीत नोंद होते. नंतर गरज पडली की आपण पान उलटून ती नोंद शोधतो. नोंद करायचं काम लक्ष देऊन करावं लागतं. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा नुसता दुखण्याचा आजार नाही. तो मेंदूचा आजार आहे. तो जोरात आलेला असतो तेव्हा लक्ष लागत नाही, विचार मंद चालतो, शब्द सुचत नाहीत, आणि एका वेळी दोन गोष्टी डोक्यात धरता येत नाहीत. पैसे हातात आले, पण रोजकीर्दीत नोंदच पडली नाही. मग पुढे कितीही पानं उलटा, काय सापडणार? म्हणून शपथ घेऊन "तू आलीच नाहीस" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. तिच्या वहीत ते पान कोरं असतं.

दुसरी गोष्ट. आपण समजतो की डोकं दुखतं तेवढाच वेळ त्रास. मायग्रेनचा ठणका औषध घेतलं नाही तर ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहू शकतो. पण पुष्कळ जणींना तो यायच्या आधी काही तास किंवा एखादा दिवस जांभया येतात, चिडचिड होते, मान आखडते, कामात मन लागत नाही. काही जणींना डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. आणि ठणका गेल्यावरही एखाद-दोन दिवस डोकं रिकामं, जड वाटतं. महिन्यातून चार वेळा डोकं धरलं आणि आधीचा-नंतरचा वेळ मिळून प्रत्येक वेळी तीन दिवस गेले, तर १२ दिवस झाले. या १२ दिवसांत आपण स्वयंपाक करतो, मजुरीला जातो, पोरांचा अभ्यास घेतो, कर्जाच्या कागदावर सही करतो. आणि मग कुणीतरी म्हणतं, "तुला मागच्या आठवड्यात सांगितलं होतं ना?"

हा आजार दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगात १०० पैकी साधारण ४० माणसांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा डोकेदुखीचा आजार आहे. त्यातली अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त होते, आणि ती पाळीच्या दिवसांशी पुष्कळदा जोडलेली असते. आजार जुनाही आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत त्याला 'अर्धावभेदक' असं नाव आहे. म्हणजे हे आजकालच्या बायकांचं नखरं नाही.

आता ताईंच्या मनातला मोठा प्रश्न, जो इथल्या अनेकींच्या मनात असेल: मला वेड लागतंय का? म्हातारपणी होतो तो विसरण्याचा आजार मला आत्ताच सुरू झाला का? डॉक्टर बाईंनी ताईंना शांतपणे सांगितलं, की अर्धशिशीत होणारा विसर बहुतेकींच्या बाबतीत दुखण्याबरोबर येतो आणि दुखणं उतरलं की उतरतो. तो वर्षागणिक वाढत जाणारा बुद्धीचा ऱ्हास नसतो. हे ऐकून ताई तिथंच रडल्या. तीन महिने त्या हीच भीती घेऊन जगत होत्या आणि कुणाला सांगत नव्हत्या.

पण "उतरतो" म्हणून गप्प बसायचं नाही. कारण विसरण्यामागे डोकेदुखीच्या जोडीला दुसरी कारणंही असतात, आणि ती तपासता येतात. पहिलं, रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. दुसरं, झोप अपुरी असणं. तिसरं, थायरॉईड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. चौथं, मनावरचा ताण आणि उदासी. सतत दुखणाऱ्या बाईचं मन खचतं, आणि खचलेल्या मनात काही टिकत नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे. १४४१६ या नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. ताईंचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२ निघालं. नऊ वर्षांत आम्ही त्यांच्या गटाची ग्रेड चार वेळा काढली. त्यांचं रक्त कधी तपासलं का, हे एकदाही विचारलं नाही.

आणि आता गोळ्यांचं. डॉक्टर बाईंनी विचारलं, महिन्याला किती गोळ्या लागतात? ताईंनी बोटं मोजली आणि म्हणाल्या, "दिवसाआड एक तरी. कधी रोज." किराणा दुकानातून एक-दोन सुट्या आणायच्या. इथं नीट ऐका, मैत्रिणींनो. दुखण्याची साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवायला लागते. दोन-तीन औषधं मिसळलेल्या गोळ्यांच्या बाबतीत तर १० दिवसही पुरतात. मग डोकं दुखतं म्हणून गोळी, आणि गोळीमुळे डोकं, असा चरक सुरू होतो. अशा वेळी गोळी कशी कमी करायची, ते डॉक्टरांना विचारूनच करायचं.

अर्धशिशीवर उपाय आहे. ठणका सुरू होताच लवकर घ्यायची औषधं वेगळी, आणि ठणका वारंवार येऊ नये म्हणून रोज घ्यायची औषधं वेगळी. रोजच्या औषधाचा गुण यायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत सोडून देऊ नका. काही औषधांनी झोप येते, काहींनी शब्द पटकन सुचत नाहीत. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलून देतात. दिवस गेले असतील किंवा जायची शक्यता असेल, तर तेही आधीच सांगा, कारण यातली काही औषधं पोटातल्या बाळाला चालत नाहीत. आणि ज्यांना डोकं धरायच्या आधी डोळ्यांपुढे रेषा चमकतात, त्यांनी माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्या घेण्याआधी आशाताईंना किंवा नर्सताईंना हे आवर्जून सांगा. अशा बायकांना त्या गोळ्यांनी लकव्याचा धोका वाढतो. दुसरी साधनं आहेत, ती मिळतात.

काही डोकेदुखी मात्र अर्धशिशी समजून घरी झोपायचं नाही. आयुष्यात कधी दुखलं नाही असं एकाएकी जोरात डोकं उठलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळा पडला, ताप आणि मान ताठ, फिट आली, डोक्याला मार लागल्यावर दुखायला लागलं, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर डोकं दुखून नजर धूसर झाली, तर लगेच १०८ ला फोन. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना दाखवायचंच. आणि ठणका नसलेल्या दिवसांतही विसर वाढत चालला, ओळखीची वाट चुकायला लागली, तर ते अर्धशिशीवर ढकलू नका. तपासून घ्या.

आता गटाकडे येते. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन. पाचवं सूत्र आपण एकाच बाईच्या डोक्यावर ठेवतो, आणि ते डोकं दुखलं तर तिलाच धरतो. ताईंच्या गटानं यावर बसून विचार केला आणि पाच गोष्टी ठरवल्या. त्या तुमच्याही गटात करता येतील.

एक. पैसे हातात पडले की त्याच जागी दोन नोंदी करायच्या, रजिस्टरमध्ये आणि सदस्याच्या पासबुकात. पासबुक नसेल तर पैसे घ्यायचे नाहीत. बैठकीबाहेर घ्यावेच लागले, तर चिठ्ठीवर दोघींच्या सह्या आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच मेसेज.

दोन. लिहिणाऱ्या दोघी. एक लिहील, दुसरी शेजारी बसून बघेल आणि बेरीज पुन्हा करेल. एकीचं डोकं धरलं तर त्या दिवशी वही दुसरीकडे.

तीन. "आज माझं डोकं धरलंय" असं म्हणायची मुभा. त्या दिवशी त्या बाईनं पैसे मोजायचे नाहीत, कर्जाच्या कागदावर सही-अंगठा करायचा नाही. चार दिवसांनी केला तर काही बुडत नाही.

चार. बैठकीची जागा आणि वेळ. सावली हवी, पिण्याचं पाणी हवं, भर उन्हातून कामावरून आलेल्या बाईला आधी पाणी प्यायला द्यायचं. उपाशी राहणं, पाणी कमी पिणं, झोप मोडणं आणि ऊन, ही अर्धशिशी उठायची नेहमीची कारणं आहेत. उपास करू नका असं मी म्हणत नाही, तुमची श्रद्धा तुमची. पण ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी उपासाच्या दिवशी पोट पूर्ण रिकामं ठेवू नये, आणि त्या दिवशी उन्हातलं काम टाळता आलं तर टाळावं.

पाच. डोकेदुखीची वही. पोराच्या जुन्या वहीची कोरी पानं चालतील. तारीख, किती वेळ दुखलं, पाळी होती का, जेवण-झोप झाली होती का, गोळी किती घेतली, आणि त्या दिवशी काय विसरले. दोन महिन्यांची वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर डॉक्टरांचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला लिहायला सांगा. त्या निमित्तानं घरातल्यांनाही कळेल, की आई कामचुकार नाही, आईला हा आजार आहे.

ताईंचं आता कसं चाललंय, असं तुम्ही विचाराल. डोकं अजून धरतं, पण महिन्यातून एक-दोनदाच. रक्त वाढलंय. मागच्या वर्षी गटानं त्यांना पुन्हा वही घ्यायची विनंती केली. आधी त्या नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लिहिते, पण शेजारी कुणीतरी बसा." आज त्यांच्या शेजारी कोण बसतं माहितेय? दारात येऊन १,८०० रुपये देणारी तीच सदस्य.

आणि माझं काय? मी ऑफिसमध्ये जाऊन तो जुना भेट अहवाल काढला. खोडाखोड करता येत नाही, म्हणून त्याला दुसरा कागद जोडला: 'सचिवांना अर्धशिशीचा आजार असून घटनेच्या वेळी त्रास सुरू होता. रक्कम सापडली. समन्वयकानं चौकशी न करता शिफारस केली, ही चूक समन्वयकाची आहे.' खाली सही केली आणि ताईंसमोर गटात वाचून दाखवला. ताई काही बोलल्या नाहीत. चहा टाकायला उठल्या.

जाता जाता एकच मागणं. पुढच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर पाच मिनिटं या विषयाला द्या. मी सुरुवातीला विचारले तेच दोन प्रश्न गटात विचारा आणि किती हात वर येतात ते इतिवृत्तात लिहा. ज्यांचे हात वर येतील, त्यांना घेऊन पुढच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनाला आशाताईंकडे जा आणि रक्त तपासून घ्या. नावं लिहायची गरज नाही, आकडा पुरे. माझ्या पुढच्या भेटीत मी ग्रेडच्या आधी तो आकडा विचारणार आहे.